कॅस्पियनच्या शिंपल्यांवर अस्तित्वाचे संकट

कॅस्पियन समुद्र म्हटला की डोळ्यांसमोर येतात त्या बाकूच्या तेलविहिरी आणि स्टर्जन माशाच्या अंड्यांचे, म्हणजेच कॅव्हिआरचे, महागडे डबे. हा स्टर्जन ज्या शिंपल्यांवर आणि गोगलगायींवर पोसला जातो, त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या या मृदुकाय प्राण्यांच्या अनेक जाती गेल्या शंभर वर्षांत दुर्मीळ झाल्या असून काही कायमच्या नाहीशा झाल्याचे मानले जाते. लाखो वर्षांच्या नैसर्गिक उलथापालथीतून तगून राहिलेल्या या जीवसृष्टीला एका शतकातील मानवी हस्तक्षेप महागात पडला आहे.

चहूबाजूंनी जमीन

रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण आणि अझरबैजान या पाच देशांच्या मध्ये पसरलेला कॅस्पियन हा जगातील सर्वांत मोठा भूवेष्टित जलाशय आहे. त्याची पातळी महासागराच्या पातळीहून सुमारे २८ ते २९ मीटर खाली आहे. त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी एकटी व्होल्गा आणते. त्यामुळे उत्तरेला व्होल्गाच्या मुखापाशी पाणी जवळजवळ गोडे असते, तर मध्य आणि दक्षिण भागांत क्षारता हजारी १२ ते १३ भाग, म्हणजे महासागराच्या साधारण एकतृतीयांश असते. उत्तरेकडील भाग सरासरी अवघा पाच मीटर खोल आहे. दक्षिणेत मात्र तळ एक हजार मीटरपर्यंत जातो.

एकेकाळी मध्य युरोपापासून मध्य आशियापर्यंत पॅराटेथिस नावाचा विशाल समुद्र पसरला होता. तो आक्रसत गेला आणि पन्नास लाखांहून अधिक वर्षांपूर्वी कॅस्पियनचे खोरे महासागरापासून वेगळे पडले. खाऱ्या पाण्यातील प्राण्यांना येथे राहणे अवघड आणि गोड्या पाण्यातील प्राण्यांनाही अवघड, अशा या निमखाऱ्या पाण्यात मोजक्या कुळांना मोकळे रान मिळाले आणि त्यांच्यातून नवनव्या जाती उत्क्रांत झाल्या.

दातांवरून नावे

कोकणात तिसऱ्या आणि खुबे खाणाऱ्यांना दोन झडपांचे शिंपले परिचित आहेत. कॅस्पियनमधील अशा शिंपल्यांचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात कार्ल आइखवाल्ड या निसर्गशास्त्रज्ञाने केला. झडपांच्या बिजागरीवरील दातांवरून त्याने त्यांना नावे दिली: दात नसलेला तो अडॅक्ना, एक दात असलेला मोनोडॅक्ना आणि दोन दातांचा डिडॅक्ना. यांपैकी डिडॅक्ना हा गट पूर्वी काळ्या समुद्रातही होता. आज तो जिवंत स्थितीत केवळ कॅस्पियनमध्ये उरला आहे. डिडॅक्नाच्या जाती काळानुसार इतक्या बदलत गेल्या की, भूवैज्ञानिक त्यांच्या शिंपल्यांवरून खडकांच्या थरांचा काळ ठरवतात.

याशिवाय तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायींचा मोठा समूह येथे आहे. त्यांतील अनेक जातींचे वर्णन तळातून उपसलेल्या रिकाम्या शंखांवरूनच झालेले असल्याने नेमक्या जाती किती, हा वाद दीर्घकाळ चालला. रक्षणाच्या दृष्टीने ही गंभीर अडचण ठरली. कारण ज्याची नोंदच वादग्रस्त, त्याला धोक्याच्या यादीत घालणार तरी कसे?

पाहुणे आले, यजमान गेले

हिमयुगातील एका टप्प्यावर कॅस्पियनचे पाणी आजच्या पातळीपेक्षा सुमारे ७५ ते ८० मीटर वर चढले होते. अन्य काळी ते आजच्याहून बरेच खाली गेले. किनारा सरकला तसे शिंपलेही सरकले आणि टिकले. विसाव्या शतकात मात्र वेगळेच संकट आले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काळ्या समुद्रातून रेल्वेने बाकूकडे आणलेल्या बोटींच्या तळाला चिकटून मायटिलॅस्टर हा छोटा शिंपला येथे पोहोचला, असे मानले जाते. कठीण पृष्ठभागांना चिकटून राहणाऱ्या या उपऱ्याने झपाट्याने जागा व्यापली. त्याच जागांवर राहणारा ड्रायसेना कॅस्पिया हा स्थानिक शिंपला शतकाच्या मध्यानंतर नामशेष झाला, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

पुढे स्टर्जनला खाद्य मिळावे म्हणून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अझोव्ह समुद्रातून अ‍ॅब्रा हा शिंपला मुद्दाम आणून सोडला. १९५२ मध्ये व्होल्गा-डॉन कालवा खुला झाला आणि काळ्या समुद्रातील जीवांना जहाजांबरोबर येण्याची कायमची वाट मिळाली. १९९९ मध्ये नेमिऑप्सिस ही कंकतधारी प्राण्याची जात येथे आढळली. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव ती फस्त करते आणि त्यांत शिंपल्यांच्या अळ्याही असतात.

यातील विसंगती अशी की, कॅस्पियनचाच एक आप्त जगभर उपद्रवी ठरला आहे. पीटर सायमन पालास याने १७७१ मध्ये कॅस्पियनला मिळणाऱ्या उरल नदीतून वर्णिलेला पट्टेदार झेब्रा शिंपला कालव्यांमार्गे पश्चिम युरोपात आणि जहाजांच्या भारपाण्यातून १९८८ पर्यंत उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या प्रदेशात पोहोचला. तेथे तो वीजकेंद्रांचे पाण्याचे नळ तुंबवतो. एकाच ड्रायसेना कुलातील एक भाऊ परदेशात माजला, तर दुसरा मायभूमीतच संपला.

उथळ पाणी आटल्यास?

कॅस्पियनची पातळी १९९५ नंतर उतरणीला लागली. १९९६ ते २०१५ या काळात ती वर्षाला सरासरी सुमारे सात सेंटिमीटरने घटली. वाढत्या तापमानामुळे होणारे बाष्पीभवन हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन-डच अभ्यासानुसार, हरितगृह वायूंचे उत्सर्जन मध्यम ते अधिक राहिल्यास शतकाअखेर पातळी ९ ते १८ मीटरने घटू शकते. तसे झाल्यास पाच मीटर खोलीचा उत्तर भाग बहुतांशी कोरडा पडेल. कमी क्षारतेच्या या उथळ पाण्यातच अनेक स्थानिक शिंपल्यांचा अधिवास आहे. दक्षिणेत समुद्रतळ तीव्र उताराचा, पाणी अधिक खारे आणि जागा उपऱ्यांनी आधीच बळकावलेली.

शेजारच्या अरल समुद्राचे उदाहरण ताजे आहे. कापसाच्या शेतीसाठी नद्यांचे पाणी वळवल्यावर १९६० नंतर तो आटत आणि खारट होत गेला, आणि तेथील बहुतेक मूळ मृदुकाय प्राणी नाहीसे झाले. २००५ मध्ये कोकअरल धरण झाल्यावर उत्तर भागात पाणी वाढले, क्षारता घटली व मासेही परतले.

रक्षणाची चौकट कागदावर तयार आहे. पाच देशांनी २००३ मध्ये स्वाक्षऱ्या केलेला तेहरान करार २००६ मध्ये अमलात आला; जैवविविधतेसाठीचा अश्गाबात मसुदा २०१४ मध्ये मान्य झाला. कॅस्पियन सील आणि स्टर्जन यांच्याकडे जगाचे लक्ष गेले. शिंपल्यांच्या बाबतीत पहिले पाऊल २०१९ मध्ये पडले: अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून वादग्रस्त नावे बाजूला काढली आणि या प्रदेशातील मृदुकाय प्राण्यांची एकमताची यादी प्रसिद्ध केली. आता त्या यादीतील कोणत्या जाती जिवंत आहेत, हे पाचही देशांच्या पाण्यात उतरून शोधावे लागेल. आणि उत्तरेचे उथळ पाणी मागे हटत असल्याने त्यासाठीचा अवधी मर्यादित आहे.