तडीपार, जिलाबदर आणि आपल्या जिल्ह्याचा एक खटला

मंडळी, मोहगावची आठवण म्हटली की कोणी अर्धनारीश्वराच्या देवळाची सांगतं, कोणी संत्र्याच्या बगिच्यांची, कोणी पोळ्याच्या पाडव्याला पांढुर्ण्यात होणाऱ्या गोटमारीची. आज मी जरा वेगळी सांगतो. थोडी कडू आहे.

गोष्ट नव्वदीतली. वडील मास्तर होते, त्यामुळे गल्लीत कोणाकडेही सरकारी कागद आला की तो आधी आमच्या ओसरीवर यायचा. एका दुपारी मागच्या गल्लीतली म्हातारी पदरात कागद घेऊन आली. "गुरुजी, याच्यात काय लिवलं आहे जी? माह्या पोराले कोठी पाठोते?"

कागद हिंदीत होता. वडिलांनी दोनदा वाचला. पोराला एक वर्षासाठी छिंदवाडा जिल्ह्यातून आणि लागून असलेल्या जिल्ह्यांतून बाहेर काढलं होतं. खाली यादी: मारामारी, शिवीगाळ, मोहाची दारू. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत तो सुटलेला होता.

"सजा झाली का त्याले?"

"नाही बाई, सजा नाही."

"मंग काढते कायले?"

खरं सांगायचं तर गल्लीला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. पोरगा काही साधू नव्हता. बाजाराच्या दिवशी पिऊन आला की बायाबापड्या दारं लावून घ्यायच्या, आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढं येत नसे. आम्हीही नाही. पण म्हातारीचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं की हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर पुन्हा पुन्हा आला, आणि त्यातला एक मोठा खटला चक्क आपल्या छिंदवाडा जिल्ह्यातून गेलेला.

आपण सीमेवरची माणसं, म्हणून आपल्याकडे या गोष्टीला दोन शब्द. महाराष्ट्रात तडीपार, म्हणजे नदीच्या तडीच्या पार. मध्य प्रदेशात जिलाबदर. शिक्षा झालेल्या माणसाला तुरुंगात टाकतात. इथं गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नसते. पुढं काही करील, या भीतीनं माणसाला घरापासून तोडतात.

राज्यघटनेनं कलम १९ मध्ये देशात कुठंही फिरायचा आणि कुठंही राहायचा हक्क दिला. त्याच कलमात लोकहितासाठी वाजवी बंधनं घालता येतील असंही लिहिलं. सगळा झगडा या 'वाजवी' शब्दाचा. घटना लागू होऊन दोनच महिने झाले होते, तेव्हा पहिला मोठा फटका बसला तो आपल्याच प्रांताच्या माणसाला. डॉ. नारायण भास्कर खरे, १९३७ साली मध्यप्रांताचे मुख्यमंत्री झालेले (तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत), पचमढीच्या त्या गाजलेल्या भांडणानंतर काँग्रेसबाहेर पडलेले, पुढं हिंदू महासभेचे. मार्च १९५० मध्ये दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी दिल्लीबाहेर काढलं. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. विरोधात गेलेले दोन न्यायमूर्ती, मुखर्जी आणि महाजन, यांचं म्हणणं मला आजही पटतं: जो कायदा सरकारला कितीही काळ माणूस बाहेर ठेवू देतो आणि त्याला आपली बाजू नीट मांडायला जागा देत नाही, तो वाजवी कसा?

दोन वर्षांनी मुंबई पोलिसांचा कायदाही टिकला. त्यात एकाला मुंबई सोडून थेट अमृतसरला जा म्हणून सांगितलं होतं! न्यायालय म्हणालं, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची आहे, बाजू मांडायची संधी आहे, आणि साक्षीदार भीतीनं पुढं येत नसतील तर पोलिसांनी काय करावं? आमच्या गल्लीकडे पाहिलं तर हेही खोटं नाही.

आता आपला खटला. नागपूर राजधानी असताना, १९४६ साली, मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा गुंडा कायदा झाला. त्याखाली छिंदवाडा जिल्ह्यातल्या एका माणसावर हुकूम निघाले. तो उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. सरकार अपिलात दिल्लीला गेलं. 'मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलदेव प्रसाद' या नावानं वकील मंडळी तो आजही सांगतात. निकाल ऑक्टोबर १९६० चा, लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, आपले साताऱ्याचे, जे पुढं सरन्यायाधीश झाले.

त्यांनी कायद्याच्या हेतूला नावं ठेवली नाहीत. गुंडांना आवर घालणं सरकारचं कामच आहे, असं मान्य केलं. पण मग साधा प्रश्न विचारला: हा माणूस गुंड आहे, हे ठरवलं कोणी? कायद्यात गुंडाची व्याख्या अशी सैल की तिच्यात कोणीही बसावं. दंडाधिकाऱ्यानं आधी तो गुंड आहे की नाही हे तपासलंच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही; तपासायचं कशावरून, तेही नाही. त्या माणसालाही आपण गुंड नाही हे दाखवायची सोय नाही. कलम ४ आणि ४-अ दोन्ही घटनाबाह्य ठरली.

म्हणजे म्हातारीच्या "कायले"ला जिल्ह्याच्या इतिहासात एक उत्तर होतं. आमच्या ओसरीवर कोणालाच ते ठाऊक नव्हतं, वडिलांनाही नाही. १९९० च्या राज्य सुरक्षा कायद्यात नोटीस आहे, सुनावणी आहे, एका वर्षाची कमाल मुदत आहे. असल्या निकालांनी घालून दिलेल्या चौकटीतच तो बसवलेला. पण सुनावणीला जायचं तर वकील पाहिजे, छिंदवाड्याच्या फेऱ्या पाहिजेत. पोरगा गेलाच नाही.

महाराष्ट्राच्या बाजूलाही हे संपलेलं नाही. २०२१ मध्ये अमरावतीच्या एका पत्रकाराची तडीपारी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. २०२२ मध्ये जालना जिल्ह्याच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलं की हा उपाय असाधारण आहे, यानं माणूस स्वतःच्या घरात बायकापोरांसोबत राहू शकत नाही, रोजीही जाऊ शकते. कारण न देता पुरी दोन वर्षं ठोकली होती, म्हणून तो हुकूम गेला.

आमच्या पोराचं काय झालं? तो सावनेरला गेला. मध्य प्रदेशाचा हुकूम महाराष्ट्रात चालत नाही, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली की मोकळा. तिथं संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामाला लागला. म्हातारी आठवड्यातून एकदा फडक्यात भाकरी बांधून बसनं जायची. ज्या हद्दीनं १९५६ साली आपली कितीतरी घरं दोन राज्यांत वाटली, तिनं त्याची तेवढी सोय केली. आता २०२३ पासून पांढुर्णा वेगळा जिल्हा झालाय.

वर्ष भरलं तसा तो परत आला. दुसऱ्या दिवशी म्हातारी तोच कागद घेऊन ओसरीवर. घड्या पडून पडून मधे फाटला होता.

"गुरुजी, आता हे चुलीत टाकू का जी?"

वडील थोडं थांबले. म्हणाले, "नको बाई. पेटीत ठेव. पुन्हा कोणी विचारलं तर दाखवायला लागंल."