मानमंदिर, बापूदेव शास्त्री आणि संशोधकाची पात्रता

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटाला लागूनच मानमंदिर घाट आहे. आमेरच्या राजा मानसिंहाने बांधलेल्या तेथील वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. सम्राट यंत्र, दिगंश यंत्र अशी तिची दगडी यंत्रे आजही पाहावयास मिळतात. जयसिंहाच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय होते. टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. त्या काळी राजाची गुणग्राहकता हीच विद्वानाच्या स्थलांतराची सनद असे.

याच वेधशाळेवर 1866 मध्ये पुस्तिका लिहिणाऱ्या बापूदेव शास्त्री यांची कथा अधिक बोलकी आहे. त्यांचा जन्म 1821 चा. नागपुरात ‘लीलावती’ व बीजगणित शिकत असताना लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याची दृष्टी त्यांच्यावर पडली. विल्किन्सनने त्यांना सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. तेथे भास्कराचार्यांच्या सिद्धान्ताबरोबर युक्लिडची भूमितीही त्यांनी आत्मसात केली आणि 1842 मध्ये काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. नागपूर तेव्हा भोसल्यांचे राज्य होते आणि काशी कंपनी सरकारची. म्हणजे एका राज्यातील तरुण दुसऱ्या राज्यात नोकरीस गेला. परवान्याचा प्रश्न मात्र कोठेच उद्भवला नाही.

‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर, ग्रंथसंपादन, 1864 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे सन्माननीय सदस्यत्व, 1887 मध्ये महामहोपाध्याय पदवी, ही सारी मान्यता नेमणुकीनंतरची. नेमणुकीच्या वेळी त्यांच्यापाशी विद्या होती आणि एका पारखी माणसाची शिफारस. विल्किन्सन नागपुरी आलाच नसता तर काय झाले असते, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

पुढच्या शतकात, 1932 मध्ये, केंब्रिजहून परतलेले कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचे पुत्र जयंत 1957 मध्ये तेथूनच केंब्रिजला गेले. 1948 च्या कायद्यामुळे राष्ट्रकुलातील नागरिकाला ब्रिटनमध्ये प्रवेशाचा हक्क होता. 1962 च्या कायद्याने तो आकुंचित केला: कामासाठी येणाऱ्यास नोकरीचे निश्चित आमंत्रण किंवा मान्य कौशल्य दाखवून व्हाउचर मिळवावे लागे. जयंत नारळीकर 1972 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले.

अमेरिकेने 1965 मध्ये राष्ट्रनिहाय जुना कोटा रद्द केला आणि विज्ञानातील पदवीधरांना प्राधान्य दिले. आजची चौकट 1990 च्या कायद्याची आहे. उल्लेखनीय संशोधकाला किमान तीन वर्षांचा अनुभव, कायम स्वरूपाच्या संशोधनपदाचे आमंत्रण आणि सहा निकषांपैकी किमान दोहोंचा पुरावा द्यावा लागतो: पारितोषिक, निवडक संस्थेचे सदस्यत्व, इतरांच्या संशोधनाचे परीक्षण, स्वतःचे मौलिक योगदान, विद्वत्तापूर्ण लेखन इत्यादी. असामान्य क्षमतेच्या वर्गात नोकरीचे आमंत्रण लागत नाही, पण दहापैकी तीन निकष पुरे करावे लागतात आणि त्यानंतर समग्र पुराव्याचे मूल्यमापन होते. आपले काम अमेरिकेच्या राष्ट्रीय हिताचे आहे असे सिद्ध करून मालकाविना अर्ज करण्याची तिसरी वाटही आहे.

सदस्यत्व, ग्रंथ, सन्मान हे बापूदेवांपाशी उत्तरायुष्यात जमा झालेले सारे या यादीत सहज बसते. विशीतल्या बापूदेवांपाशी यातले काहीच नव्हते. शिफारसपत्रे आजही जोडली जातात, परंतु केवळ त्यांवर अर्ज तरत नाही. त्यांत सांगितलेल्या योगदानास स्वतंत्र पुरावा लागतो. एका इंग्रजाच्या मर्जीपेक्षा हे न्याय्य खरे. मात्र पात्र ठरल्यावरही रांग उरते. नोकरीवर आधारलेली सुमारे 1,40,000 स्थायी व्हिसापत्रे दरवर्षी असतात आणि कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. देश ठरतो तो जन्मस्थानावरून, नागरिकत्वावरून नव्हे. त्यामुळे राष्ट्रीय हिताच्या वाटेने मान्यता मिळालेल्या भारतात जन्मलेल्या संशोधकाला एका दशकाहून अधिक काळ थांबावे लागते.