चित्रफितींतील दोष आणि पाठचिकित्सा

हस्तलिखितांच्या अभ्यासकास मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाचा प्रमाद कोणता, हे प्रथम ठरवावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली ती ह्याच विवेकाच्या बळावर. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील बोलभाषेचा पुष्कळसा पुरावा मात्र चुंबकीय फितीवर आहे, आणि तेथे हा विवेक आपल्या अंगवळणी पडलेला नाही.

हर्सूलचेच उदाहरण घ्यावे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उत्तरेस अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव शहरात मिसळून गेले. मराठी व दखनी यांच्या शेजारातून घडलेली अशा गावांची जुनी बोली ऐकावयाची, तर लग्नाच्या कॅसेटी हे एक दुर्लक्षित साधन होय. हळदीच्या वेळी वा उखाणा घेताना वृद्ध स्त्रिया जे बोलतात, ते प्रश्नावली पुढे करून मिळत नाही. ह्या कॅसेटी आज लावल्या, तर पडद्यावर पुष्कळदा ‘मुंग्या’ दिसतात. हा शब्द मोठा चित्रदर्शी आहे. परंतु निदानाच्या दृष्टीने तो ‘ताप’ ह्या शब्दाइतकाच मोघम आहे.

यंत्र व लेख यांचे नाते ह्या तंत्राच्या जन्मापासूनचे आहे. अँपेक्स कंपनीने १९५६ साली पहिले व्यवहार्य चित्रमुद्रणयंत्र पुढे आणले, तेव्हा एका हेडने लिहिलेली फीत दुसऱ्या हेडवर नीट वाचता येत नसे. जपानच्या जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धती आणली, तोवर कोणत्याही यंत्राची फीत कोणत्याही यंत्रावर चालावी, अशी व्यवस्था झाली होती. ही व्यवस्था सूक्ष्म मापांवर उभी आहे. आपल्याकडील व्हीएचएसमध्ये फिरत्या ढोलावरची दोन हेडे आळीपाळीने फितीवर तिरक्या रेघा ओढतात; एका रेघेची रुंदी सुमारे ४९ मायक्रोमीटर. १९९५ साली आलेल्या डीव्ही पद्धतीत ती अवघी १० झाली. आमच्याकडील धुळीचा एक कण ह्या रेघेपुढे धोंड्यासारखा होय.

निदानाचा पहिला नियम साधा आहे. निर्दोष म्हणून ठाऊक असलेली दुसरी फीत त्याच यंत्रावर लावावी. तीही बिघडलेली दिसली, तर दोष यंत्राचा. एक हेड मळले, तर व्हीएचएसमध्ये एकाआड एक क्षेत्र मुंग्यांनी भरते व चित्र लुकलुकते. डीव्हीमध्ये चित्राचे आडवे पट्टे पडतात, कारण तेथे एकच चित्र बारा रेघांत विभागलेले असते. अशा वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले, धागे न सुटणारे कापड ढोलाला स्थिर धरून ढोल हाताने हळू फिरवावा. कापड वरखाली घासल्यास हेड तुटते. परीक्षेची फीत स्वच्छ दिसली, तर संशय मूळ फितीवर येतो. आडवा पट्टा ट्रॅकिंग फिरवताना सरकत असेल, तर लेख शाबूत आहे, वाचन चुकते आहे. चित्राचा माथा वाकत असेल, तर फितीचा ताण बिघडला आहे. उन्हाळ्यात तापलेल्या कपाटांत फीत ताणली जाते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरट ठिपके दिसले, तर ती बुरशी. ती फीत यंत्रात घालूच नये, अन्यथा पुढच्या सर्व फिती बाधित होतील. आणि चित्रणाच्या वेळीच कॅमेऱ्याचे हेड मळलेले असेल, तर तेथे लेखच उमटलेला नाही. त्यावर उपाय नाही.

भाषाभ्यासकाचा विशेष संबंध येतो तो पुढे. व्हीएचएसमध्ये साधा ध्वनी फितीच्या वरच्या कडेवर वेगळ्या स्थिर हेडने लिहिला जातो. त्यामुळे चित्र पूर्ण नाहीसे झाले तरी बोलणे शिल्लक राहू शकते. ‘कॅसेट गेली’ म्हणून ती टाकून देणारे कुटुंब अनेकदा ऐकू येणारी आजी टाकून देत असते. डीव्हीमध्ये चित्र व ध्वनी त्याच रेघांत असतात. एकासवे दुसरेही जाते.

त्याहून फसवा प्रकार यंत्राच्या परोपकाराचा. फितीवरील चुंबकीय थर जेथे झडलेला असतो, तेथे व्हीएचएस यंत्रे आधीची ओळ पुन्हा दाखवून रेघ झाकतात. डीव्ही यंत्रे दुरुस्तीपलीकडील चौकोनाच्या जागी पूर्वीच्या चित्रातील चौकोन बसवतात. गळलेल्या अक्षरांच्या जागी आपल्या मतीप्रमाणे अक्षरे भरणारा लेखनिक आणि हे यंत्र यांच्यात मला फारसा भेद दिसत नाही. ओठांच्या हालचालीवरून ‘प’ आणि ‘फ’ यांचा निवाडा करणाऱ्याने आपण पाहतो तो ओठ त्याच क्षणाचा आहे की क्षणापूर्वीचा, हे विचारलेच पाहिजे. स्वच्छ दिसणारी प्रत नेहमीच अधिक विश्वसनीय नसते.

काळ मात्र थोडा आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. युनेस्को व ध्वनी-दृक्श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली चुंबकीय फितींविषयी धोक्याची सूचना देणारा उपक्रम हाती घेतला, तो यंत्रेच दुर्मिळ होत चालल्यामुळे. म्हणून फीत मिळवताना ज्या कॅमेऱ्याने ती चित्रित झाली तोही मागून घ्यावा. त्याच्या वाकड्या मार्गिकेने लिहिलेले त्याच मार्गिकेवर कदाचित सरळ वाचता येते. संगणकावर प्रत करताना कोणत्या यंत्रावर, किती वेळा आणि कोठे तुटक वाचन झाले, ह्याची नोंद प्रतीसोबत ठेवावी, आणि फीत प्रतीनंतरही जपावी.