अंधारातले रूळ : 'स्पेस माउंटन'ची गोष्ट

मागच्या वेळी आपण रेल्वेच्या सिग्नलांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हे काय, व्याख्यानमालेत करमणुकीची गाडी कशाला? पण विषय तोच आहे, फक्त तो छपराखाली आणि अंधारात गेलाय. आज आपण बघणार आहोत 'स्पेस माउंटन', फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली बंदिस्त रोलर कोस्टर. ती 15 जानेवारी 1975 ला अधिकृतपणे सुरू झाली.

अंधाराची कल्पना डिस्नेची नव्हे, हे आधी सांगून टाकू. लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी 1884 मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे सायकलवाला मागे टाकेल इतका. तीन वर्षांनी त्यांनीच अटलांटिक सिटीत नवी गाडी उभारली आणि तिला बोगदे दिले. गाडी आत शिरली की दिवे लागायचे, रंगवलेले देखावे दिसायचे. वेग वाढवता येत नसेल तर डोळ्यांना गुंतवा, हा तो विचार. पुढच्या शंभर वर्षांत तो कुणी सोडला नाही.

आता थेट 1959 मध्ये येऊ. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 14 जूनला 'मॅटरहॉर्न' सुरू झाली. कृत्रिम डोंगर, आत-बाहेर पळणारे डबे. ॲरो डेव्हलपमेंट या छोट्या कंपनीतल्या एड मॉर्गन आणि कार्ल बेकन यांनी तिच्यासाठी लाकडाऐवजी पोकळ पोलादी नळ्यांचे रूळ केले. नळी हव्या त्या बाजूला वाकवता येते, आणि चाकं तिला वरून, बाजूने आणि खालून धरून ठेवू शकतात. खालून धरणारं चाक जुनंच, 1919 च्या सुमाराला जॉन मिलर यांनी पेटंट घेतलेलं. पण नळीमुळे लहान जागेत अवघड वळणं शक्य झाली. आज जगभर ज्या पोलादी कोस्टर दिसतात, त्यांची वंशावळ इथून सुरू होते. पाट्यांवर नाव डिस्नेचं असतं. मॉर्गन आणि बेकन कोण, हे रांगेत उभ्या असलेल्या कुणाला विचारून बघा.

मॅटरहॉर्नवर आणखी एक गोष्ट घडली. एकाच रुळावर एकाच वेळी अनेक गाड्या सोडल्या गेल्या. इथे आपल्याला मागच्या व्याख्यानातलं आर्मा आठवायला हवं. 12 जून 1889 ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली, त्यात मुलं खूप होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर 'ब्लॉक' पद्धत सक्तीची केली. रुळाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एकावेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला प्रवेश नाही. लोकल दोन स्टेशनांच्या मधेच थांबते, आपण घड्याळाकडे बघतो आणि कुणीतरी म्हणतं, 'सिग्नल नाही मिळाला'. ते हेच.

कोस्टरमध्ये सिग्नल बघायला मोटरमन नसतो. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी रुळातच ब्रेक बसवलेले असतात. पुढचा तुकडा रिकामा नसेल तर ते गाडीला धरतात. गाडीत इंजिन नाही, तेव्हा थांबवलेली गाडी पुन्हा निघणार कशी? ब्रेकची जागा किंचित उतारावर ठेवतात. सोडलं की वजनानेच चालू पडते. मांडणीची पहिली अट इथे ठरते : साखळीने एकदा वर नेलं की तिथून शेवटपर्यंत प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा खाली यायला हवी, आणि मध्ये जिथे जिथे थांबवायचं तिथेही थोडी उंची शिल्लक हवी.

स्पेस माउंटनची कल्पना वॉल्ट डिस्ने यांनी 1964 च्या सुमाराला जॉन हेंच या आपल्या कलाकाराजवळ बोलून दाखवली. हेंच यांनी शंकूच्या आकाराचा पांढरा डोंगर रेखाटला. मूळ बेत चार स्वतंत्र रुळांचा होता. मग अकरा वर्षं का लागली? नेहमीचं उत्तर असं, की 'तंत्रज्ञान तयार नव्हतं'. ते आम्हाला अर्धंच पटतं. चार मार्गांवरच्या गाड्या एका अंधाऱ्या घुमटात सांभाळायला त्या काळचे संगणक अपुरे होते, हे खरं. पण ब्लॉक, ब्रेक, पोलादी नळी हे सगळं 1959 मध्येच हाताशी होतं. नव्हते ते पैसे आणि पुढे नेणारा माणूस. डिसेंबर 1966 मध्ये डिस्ने वारले. कंपनीचं सगळं बळ फ्लॉरिडाकडे वळलं, ते उद्यान ऑक्टोबर 1971 मध्ये उघडलं. आणि मग पैसे आले कुठून, तर आर.सी.ए. या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडून. फ्लॉरिडाच्या उद्यानाला दळणवळणाची यंत्रणा पुरवण्याचा तिचा करार होता. पसंत पडेल असं आकर्षण केलंत तर एक कोटी डॉलर देऊ, असं त्यात कलम होतं. कलम बाहेर काढलं गेलं आणि डोंगर उभा राहिला. चारऐवजी दोन रूळ झाले. इतिहासात 'तंत्रज्ञान नव्हतं' हे वाक्य दिसलं की हिशेबाची वही कुठे आहे ते बघावं.

काळाचा खेळ बघा. कल्पना निघाली तेव्हा माणूस चंद्रावर जायचा होता. डोंगर उघडला तेव्हा शेवटची चांद्रमोहीम होऊन दोन वर्षं उलटली होती. उद्घाटनाला गॉर्डन कूपर, स्कॉट कार्पेंटर, जेम्स आयर्विन हे अंतराळवीर आले आणि लहान मुलांच्या रॉकेटात बसले.

आता इमारत. व्यास 300 फूट, उंची 183 फूट. बाहेरून 72 काँक्रीटच्या बरगड्या, प्रत्येकी 74 टनांची, तळाशी 13 फूट रुंद आणि माथ्याकडे 4 फूट. बरगड्या आतून असतात, या बाहेरून का? हेंच यांना आतली बाजू सपाट हवी होती, तिच्यावर तारे आणि उल्का प्रकाशाने उमटवायच्या होत्या. सुंदर दिसणारा आकार आतल्या गरजेतून आला.

आत दोन रूळ आहेत, अल्फा आणि ओमेगा. एकमेकांचे जवळजवळ आरशातले जुळे. अल्फा 3196 फूट, ओमेगा 3186. दहा फुटांचा फरक एवढ्यासाठी, की एकमेकांत गुंतलेले दोन मार्ग तंतोतंत सारखे ठेवले तर कुठेतरी आदळतील. साधा हिशेब करू. 300 फूट व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे 942 फूट. म्हणजे एकेक रूळ परिघाच्या तिपटीहून लांब, आणि तसे दोन! मध्ये साखळीचे चढ, जिने आणि उद्यानातली दुसरी एक संथ गाडी, तीही याच डोंगरातून जाते.

प्रवास असा : तळाच्या फलाटावरून रॉकेट निघतं, लुकलुकत्या निळ्या दिव्यांच्या बोगद्यातून जातं, साखळी त्याला वर खेचते आणि मग सोडून देते. साधारण अडीच मिनिटांत खेळ संपतो. सर्वाधिक वेग किती असेल? (श्रोत्यांतून : 'शंभर?') नाही हो, ताशी 45 किलोमीटरच्या आसपास. महामार्गावरची एसटी याहून जोरात जाते. शाळेतलं सूत्र लावा, 8 मीटर खाली आलं की एवढा वेग मिळतो. सगळ्यात मोठी उडी तेवढीच आहे, 26 फुटांची.

वेग वाढवला का नाही? वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. तोच जोर ठेवून वेग दुप्पट करायचा तर वळणाची त्रिज्या चौपट हवी, आणि मग घुमट पुरत नाही. तेव्हा उरतो अंधार. उजेडात डोळे पुढचं वळण आधीच सांगतात, मान आणि पाठ तयार होतात. अंधारात वळण अंगावर आल्यावरच कळतं. थॉम्पसननी डोळ्यांना काहीतरी देऊन जे साधलं, ते इथे डोळ्यांचं काढून घेऊन साधलं आहे.

म्हणून देखभालीसाठी आतले दिवे लागलेले असताना कुणी डोकावलं तर चकित होतं. पोलादाचं जंगल, खांब वाटतात त्याहून जवळ. ते हाताच्या टप्प्याबाहेर असावेत याचं मोजमाप आखणीतच केलेलं असतं, तरी हात आत ठेवा हे सांगावंच लागतं.

मूळ डिस्नेलँडला आपला डोंगर 27 मे 1977 ला मिळाला. तिथे जागा कमी, घुमट 200 फुटांचा, म्हणून एकच रूळ, पण तो सुमारे 3450 फूट. परिघाच्या साडेपाच पट! ही आखणी बिल वॉटकिन्स या अभियंत्याची, आणि आमच्या मते ती फ्लॉरिडाहून सरस आहे. उजव्या बाजूची वळणं एकामागून एक, खाली खाली जाणारी, शिंपल्यासारखी. इमारत जमिनीत 17 फूट खोल उतरवली, कारण ती शेजारच्या राजवाड्यावर डोकं काढत होती.

पॅरिसमध्ये 1995 ला ज्यूल व्हर्नच्या तोफेची कल्पना घेऊन गाडी बाहेरूनच वर फेकली आणि आत तीनदा उलटी केली. ती वेगळ्याच जातीची. आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिकात 'डीप स्पेस' आहे. अंधार आणि अंतराळ ही जोडी इथेही तीच.

एक प्रश्न आलाय : इतक्या वर्षांत पोलाद झिजत नाही का? झिजतं. डिस्नेलँडचा डोंगर 2003 मध्ये बंद केला, आतला सगळा रूळ काढला, नवा घातला आणि जुलै 2005 मध्ये पुन्हा उघडला. आखणी वॉटकिन्स यांचीच ठेवली. टोकियोत 2024 मध्ये 1983 ची गाडी बंद केली आणि तिथे मात्र सगळंच नव्याने बांधताहेत. चला, वेळ झाली. चहा बाहेर ठेवलाय, उरलेले प्रश्न तिथे घेऊ.