आधी खिडक्या, मग कुलूप

घर बांधताना आपण कुलपाचा विचार आधीच करतो. संगणकाच्या पडद्याचा इतिहास मात्र उलटा घडला.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली बॉब शायफ्लर व जिम गेटीस यांनी ‘एक्स’ ही प्रणाली सुरू केली. पडद्यावर निरनिराळ्या चौकटी, म्हणजे ‘विंडो’, मांडणे हे तिचे काम. दूरच्या संगणकावरील प्रोग्रामही आपल्या पडद्यावर चौकट उघडू शके. सोय मोठी होती. पण दारावर ओळख विचारली जाई ती यंत्राची, माणसाची नव्हे. यादीतील संगणकावर बसलेल्या कोणालाही प्रवेश मिळे. ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेपुढे अधिक चिन्ह लिहिले की दार सर्वांनाच मोकळे!

आत शिरलेला प्रोग्राम शेजारच्या चौकटीत टाइप होणारी अक्षरे टिपू शके, पासवर्डसुद्धा. पुढे ‘मॅजिक कुकी’ ही १२८ बिटांची गुप्त खूण आली. दाराला कुलूप लागले, पण आतल्या खोल्या उघड्याच राहिल्या. १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम यांचे काम सुरू झाले, तेही याच पायावर. चौकटींना एकमेकींपासून अलग ठेवणाऱ्या ‘वेलँड’चा आरंभ झाला तो २००८ साली. मधे चोवीस वर्षे गेली!

पालकहो, हे निर्माते अडाणी नव्हते. विद्यापीठाच्या आवारासाठी केलेली वस्तू जगभर गेली आणि तिच्याबरोबर आवारातला विश्वासही गेला. म्हणून मुलांना संगणकाबरोबर एक सवयही द्या : कोणताही प्रोग्राम आत घेण्यापूर्वी तो कोणाचा, हे विचारण्याची.