कुरणातली शाळा आणि आपले ज्ञानदान

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे विश्वस्त मंडळींनी सुचविले, तेव्हा डोळ्यांपुढे प्रथम आले ते गणवेशाच्या कापडाचे तागे. आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही दानाची चार अंगे आपल्याला लहानपणापासून सांगितली जातात. चौक परिसरातील वाड्यांवरच्या मुलांना वह्या व गणवेश दिले की ज्ञानदान घडले, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. परंतु जूनमध्ये ज्याचे माप घेतले, तो कातकऱ्याचा मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातो तो पावसाळ्याच्या तोंडाशीच परततो. तोवर वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो. सदरा त्याच्या मापाचा शिवला जाई, धडा मात्र इतरांच्या मापाचा असे.

हा प्रश्न नवा नाही. सह्याद्रीच्या याच पायथ्याला, उत्तरेकडे डहाणू तालुक्यात, दोन स्त्रियांनी त्याला हात घातला होता. ताराबाई मोडक (जन्म १८९२) या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाकडे वळल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा त्या काळी बोलबाला होता. माँटेसरीबाईंनी आरंभी काम केले ते मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर, आणि १९०७ मध्ये त्यांनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. आपल्याकडे मात्र ती पद्धती बहुधा सुखवस्तू घरांतच पोहोचली, कारण तिची साधने महाग होती.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालविधवा असलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीचे मूळ येथे आहे. मुलांना आंघोळ घालण्यापासून कामास सुरुवात होई. शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. एका व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तरी हा हिशेब थक्क करणारा आहे!

१९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तेथे मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध घेता दोन कारणे पुढे आली. काही मुले गुरे राखीत होती, तर काहींच्या कडेवर धाकटे भावंड होते. यांत मुलाच्या बुद्धीचा काय दोष? मग गुरे चरतात तेथेच शिक्षक जाऊ लागले, ती कुरणशाळा. धाकट्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि प्राथमिक शाळा, ती विकासवाडी. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या समाजाला ज्यांचा सार्थ अभिमान आहे, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यांनी मुलांना शाळेजवळ आणले, ताराबाईंनी शाळा मुलांजवळ नेली. दोन्ही वाटा आपल्याच मातीतल्या आहेत.

परंतु मूल वर्गात येऊन बसले तरी काम संपत नाही. देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही, असे 'असर' पाहणीत २०१८ मध्ये आढळले. यावरील एक उपाय मुंबईतच अजमावला गेला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज दोन तास वस्तीतीलच एका तरुणीकडे सोपविला. तिला 'बालसखी' म्हणत. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे या उपक्रमाची काटेकोर तपासणी झाली. ती करणाऱ्यांत पुढे २०१९ चे नोबेल मिळविणारे अभिजित बॅनर्जी होते (त्यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, हे जाता जाता). बालसखीकडे गेलेली मुले स्पष्टपणे सुधारली. उलट, ती गेल्यामुळे वर्गातील गर्दी कमी झाली, तरी मागे उरलेल्या मुलांची प्रगती त्यामुळे वाढली नाही. मूल कोठे अडले आहे ते पाहून तेथून शिकविणे, हाच त्यातील खरा भाग होता.

आपल्याकडे गुणगौरव होतो तो दहावी-बारावीच्या यशस्वी मुलांचा. त्यात गैर काही नाही. मीही हौसेने नारळ आणि शाल देतो. पण तिसरीत ज्याला जोडाक्षर अडते, तो त्या समारंभापर्यंत पोहोचतच नाही, आणि त्याची रिकामी खुर्ची आपल्याला दिसत नाही. कातकरी मुलाची घरची बोलीही पुस्तकी मराठीहून वेगळी. म्हणूनच ती बोली जाणणारी, वाडीवरचीच एखादी शिकलेली मुलगी नेमावी, तिला मानधन द्यावे आणि हंगामात तिने भट्टीवरही जावे, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळींपुढे ठेवीत आहे. वह्यांच्या खर्चातील काही भाग त्याकडे वळविता येईल. मी माझ्या वाट्याच्या कापडाची रक्कम देण्यास तयार आहे. भट्ट्यांची कामे दिवाळीनंतर सुरू होतात. निर्णय त्याआधीच्या सभेत झाला, तर याच वर्षी आरंभ करता येईल.