सूतिका

‘प्रसूती’ हा शब्द दवाखान्याच्या पाटीवर रोज दिसतो. संस्कृतातला ‘सू’ हा धातू म्हणजे जन्म देणे. त्याचंच गोत मोठं: प्रसव, सूतिका, आपली सुईण आणि, नवल वाटेल, सूतकसुद्धा. सूतक मुळात जन्माचं. पुढे मृत्यूच्या अशौचालाही तेच नाव मिळालं आणि बोलताना तोच अर्थ उरला. जन्मासाठी मराठीने ‘सोयर’ वेगळं ठेवलं.

सूतिका म्हणजे बाळंतीण. पण कधीपर्यंत? सुश्रुतसंहितेत उत्तर आहे: दीड महिना. त्यानंतर तिचं ‘सूतिका’ हे नाव जातं. काहींच्या मते पाळी पुन्हा येईपर्यंत ते राहतं. आजचं वैद्यकशास्त्रही बाळंतपणानंतरचा काळ सहा आठवड्यांचा धरतं, आणि मातामृत्यूच्या व्याख्येतही 42 दिवसच मोजले जातात. शास्त्रं वेगळी, मुदत जवळजवळ तीच. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं, कारण बाळ हाती आलं की घरादाराचं लक्ष पाळण्याकडे वळतं आणि बाई मागे पडते.

‘सूतिकाज्वर’ हा शब्द जुना वाटला तरी आजार जुना झालेला नाही; तो जंतुसंसर्गाने येतो. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यांतलं काहीही दिसलं तर ‘बाळंतपणात असं व्हायचंच’ म्हणू नका. तिला त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखान्यात न्या.